चिमट्याची स्प्रिंग

माझी जीभ बाहेर येते हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही दुसऱ्याच्या मोबाइलवर.

मी शाळेत खेळाचा मास्तर आहे. शाळा शहापूर तालुक्यात. मागे डोंगर, पुढे भाताची खाचरं, आणि मधल्या ज्या उताराला आम्ही मैदान म्हणतो त्यावर पावसाळ्यात गुरं आणि उरलेलं वर्ष मुलं धावतात. आसपासच्या शाळांच्या शर्यती शहापुरात असोत की मुरबाडला, बार काढायला मला बोलावणं येतं. यात माझं कर्तृत्व काही नाही. शर्यत सुरू करायचं पिस्तूल आमच्या शाळेचं आहे, हेडमास्तर ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत, म्हणून पिस्तुलाबरोबर मी जातो.

पिस्तूल म्हटल्यावर घाबरू नका. त्यातून गोळी सुटत नाही, नळी बुजवलेलीच आहे. मागे एक घोडा, खाली चाप, मध्ये टिकली ठेवायची जागा. चाप ओढत गेलं की घोडा मागे जातो, पुरता मागे गेला की सुटतो आणि टिकलीवर आदळतो. बार होतो, धूर निघतो, मुलं पळतात. पण त्या घोड्यामागची स्प्रिंग अशी कडक, की चाप ओढताना वाटावं आपण विहिरीतून भरलेली घागर एका बोटाने वर काढतोय. माझ्या आधीचे खेळाचे सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी पिस्तूल माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "जड आहे. जड राहू दे." मी मान हलवली. का, ते विचारलं नाही. माझ्या आयुष्यातली निम्मी नुकसानं अशी न विचारलेल्या प्रश्नांमुळे झाली आहेत, आणि उरलेली निम्मी हाताशी स्क्रू-ड्रायव्हर असल्यामुळे.

तर मोबाइल. मुरबाडच्या एका शाळेत खेळाच्या मॅडम आहेत. बाई शिकवायला चोख आणि बोलायला तिखट. गेल्या हिवाळ्यात शहापूरच्या शर्यती संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि फोन पुढे केला.

"सर, जरा बघा हो. तुमच्यासाठी मुद्दाम हळू करून ठेवलंय."

पडद्यावर मी होतो. हात वर, "सेट" म्हणून झालेलं. मग माझा उजवा खांदा हळूहळू कानाकडे चढू लागला. एक डोळा मिटला. आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, बिळातून घोरपड डोकवावी तशी माझी जीभ बाहेर आली, क्षणभर इकडेतिकडे बघत थांबली, आणि मग बार झाला. मी हसणारच होतो, तेवढ्यात मॅडमनी बोट ठेवलं ते खाली, मुलींच्या रांगेवर. सात मुली समोर बघत होत्या. आठवी माझ्याकडे बघत होती. आणि जीभ दिसताच, बाराच्या किंचित आधी, तिचं अंग सुटलं होतं.

"ही तुमच्याच शाळेची ना?"

"हो."

"आमच्या पोरी आवाजाची वाट बघतात आणि तुमची पोरगी तुमच्या जिभेची. याला काय म्हणायचं?"

"योगायोग."

"सर, जीभ आत घ्या, मग बोला."

खरंच बाहेर होती.

ती मुलगी आठवीतली. डोंगराखालच्या ठाकरांच्या पाड्यावरची, शाळेच्या वसतिगृहात राहायची. शंभर मीटर पळताना तिचे पाय जमिनीला नुसते सांगून जायचे की आम्ही आलो होतो. दुसऱ्या दिवशी मी तिला गाठलं.

"काय गो, पळायच्या वेळी माझ्या तोंडाकडे बघतेस?"

"हो सर," ती म्हणाली. लपवायचं काही आहे हे तिच्या गावीही नव्हतं. "बा सांगतो, रानात आवाज आयकून बघायचं नाय. आवाजाच्या आदी काय हलतं ते बघायचं. तवाच ससा घावतो. तुमची जीब हलते, सर."

"कधीपासून बघतेस?"

"पाचवीपासून. समदीच बघतात."

म्हणजे चार वर्षं अख्खी शाळा टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी स्टाफरूममध्ये सांगत होतो, आमच्या मुलांची एकाग्रता बघा.

हे एवढ्यावर हसून सोडून दिलं असतं. पण पुढच्या शर्यती मुरबाडला होत्या, आणि तिथे एका निवासी क्रीडाशाळेचे प्रशिक्षक येणार होते. शंभर मीटरच्या मुली बघून त्यांतल्या काहींना ते निवड चाचणीला बोलावणार. वयाचा हिशेब असा, की आमच्या मुलीला ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी ती त्यांच्या नियमात बसत नव्हती. तिचा बाप शाळेत येऊन उभ्याउभ्या सांगून गेला होता, "मास्तर, या वर्साला घेतली तर घेतली. नायतर आमी भट्टीवर जाऊ तवा ती आमच्यासंगं. धाकट्या दोघांना बघायला कोन हाय?" दिवाळी झाली की तो पाडा विटांच्या भट्ट्यांवर जातो, आणि एकदा तिकडे गेलेली मुलगी वर्गात परत आल्याचं मी फार कमी वेळा पाहिलंय.

आणि मॅडमनी मला बजावलं होतं: मुरबाडला जीभ दिसली तर मी तिथल्या तिथे लेखी तक्रार देणार, मग तुमची मुलगी बाद झाली तर मला बोल लावायचा नाही.

जीभ बंद करणं आलं. मी आरशासमोर सराव केला. दातांत लवंग धरून बघितली. चाप ओढताना आधी लवंग बाहेर पडली आणि मागोमाग जीभ, जणू तिला शोधायला. तोंडाला रुमाल बांधून बघितला तर बायको म्हणाली, "कुठल्या पेढीवर दरोडा घालणार आहात?" मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जीभ येते कारण जोर लागतो. जोर लागतो कारण स्प्रिंग कडक. स्प्रिंग बदलली की जीभ घरात! इतका स्वच्छ विचार मला सुचला की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी पाटावर पिस्तूल घेऊन बसलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय उघडलंत?"

"काही नाही."

"मिक्सरच्या वेळी पण काही नाहीच होतं."

आमचा मिक्सर तेव्हापासून झाकणावर कोपर दाबून धरल्याशिवाय फिरत नाही. मी तीन स्क्रू काढले, बाजूची पट्टी उचलली, घोडा बोटाने जरा उचकटला, आणि आतली स्प्रिंग, जी कित्येक वर्षं अशा एखाद्या मूर्खाची वाट बघत दबा धरून बसली होती, ती टण्णदिशी उडाली. भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. नंतर कसलाच आवाज आला नाही. कपाटाखाली, हंड्यामागे, चपलांत, देवाच्या फळीवर, सगळीकडे बघितलं. स्प्रिंग नाही ती नाहीच.

शर्यती शनिवारी. आता मागे फिरायची वाट माझी मीच उडवून दिली होती. बॅटरीतली स्प्रिंग घालून बघितली, ती फार लेचीपेची. फवारणीच्या पंपातली बसेना. बॉलपेनचं तर नावच नको. मी घरभर येरझारा घालत होतो, आणि ओसरीवरून आवाज येत होता: टिक्-टिक्. टिक्-टिक्.

तो आवाज माझ्या वडिलांचा. वडील मुरबाड डेपोला एसटीचे कंडक्टर होते. आता तिकिटं यंत्रातून निघतात, पण त्यांच्या काळात कागदी तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा असे. तो त्यांच्याजवळच राहिला. निवृत्तीनंतर ते ओसरीवर बसतात आणि घरासमोरच्या फाट्यावर गाडी थांबून निघाली की चिमटा दोनदा वाजवतात. त्यांच्या मते तोपर्यंत गाडी निघत नाही. हातांची चुळबुळ आमच्या घराण्यातच आहे. त्यांची निदान कुणाला महागात पडत नाही.

चिमट्याच्या दोन दांड्यांमध्ये करंगळीच्या पेराएवढी एक स्प्रिंग असते. वडील वामकुक्षीला कलंडले तेव्हा मी काय केलं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

ती पिस्तुलात अशी बसली, की जणू तिथलीच. पट्टी लावली, स्क्रू आवळले आणि चापाला बोट लावलं. ओढावा लागलाच नाही! नुसतं टेकलं आणि घोडा पडला. मी आरशात बघितलं: खांदा जागेवर, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. सहा टिकल्या लावून बघितल्या. चार वाजल्या, दोन वाजल्या नाहीत. त्या दोन दिवाळीतल्या उरलेल्या, सादळलेल्या असणार असं मी ठरवून टाकलं. घोडा हलका झाला म्हणजे त्याचा फटकाही हलका होणार, एवढी साधी गोष्ट मी मुलांना विज्ञानाच्या तासाला बदली म्हणून जातो तेव्हा फळ्यावर लिहितो.

वडील उठले. ओसरीवरून टिक् आला नाही.

"माजा चिमटा लुळा पडलाय," ते म्हणाले. मिटलेला चिमटा मिटलेलाच राहत होता. "कुनी हात लावला?"

"जुना झालाय, बाबा."

"बत्तीस वर्सं नाय जुना झाला. आज मी निजलो तवा झाला?"

मी शर्टाच्या बाहीने पिस्तूल पुसत राहिलो. तो सबंध आठवडा गाड्या न वाजवता गेल्या. वडील ओसरीवरून उठायचे, फाट्यापर्यंत जायचे, परत यायचे, बसायचे, परत उठायचे. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पण शर्यत झाली की परत लावू, असं मी स्वतःला सांगितलं. आणि मीही त्यांच्या मागोमाग येरझारा घालत होतो.

शनिवारी मुलांना जीपमध्ये कोंबून आम्ही मुरबाडला पोचलो. पिस्तूल डब्याच्या पिशवीत, चपाती आणि लसणाच्या चटणीच्या मध्ये. मैदानावर दव इतकं, की चुन्याच्या रेघा ओल्या दिसत होत्या. क्रीडाशाळेचे प्रशिक्षक प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. डोक्यावर टोपी, गळ्यात घड्याळ. कुणाशी बोलत नव्हते. मॅडम माझ्यासमोर फोन धरून उभ्या.

पहिली शर्यत मुलांची. बार झाला, माझ्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दुसरी तशीच. मॅडमनी फोन खाली घेतला.

"सर, काय जादू केलीत? आज तुमचं तोंड एकदम देवळातल्या मूर्तीसारखं."

"संयम," मी म्हणालो.

तिसऱ्या शर्यतीला "ऑन युवर" एवढंच म्हणून झालं होतं आणि माझं बोट चापाला नुसतं भेटलं. बार झाला. चार मुलं सुटली, दोन उभी राहिली, एक बुटाची नाडी बांधत होता तो घाबरून बसला. "चाचणी होती!" मी ओरडलो. कुणाचा विश्वास बसला नाही, पण कुणी वादही घातला नाही.

मग मुलींची प्राथमिक फेरी आली. आमची मुलगी वाकली आणि तिने नेहमीसारखी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे अभिमानाने बघितलं, तोंड घट्ट मिटून. सेट. बार झाला. सगळ्या गेल्या. ती तिथेच. अजून माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिच्या लक्षात आलं आणि ती अशी सुटली, की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यावा. कशीबशी चौथी आली. दोन प्राथमिक फेऱ्यांतून चौघी-चौघी अंतिम फेरीत घेत होते, म्हणून वाचली.

ती पळत माझ्याकडे आली. धापा टाकत होती आणि रागाने डोळे भरले होते.

"सर, जीब कुटं गेली?"

मागे मॅडम फस्सकन हसल्या.

"आज नाही निघणार," मी हळू आवाजात म्हणालो.

"मंग आदी सांगायचं ना सर!"

रविवारपासून शनिवारपर्यंत सहा दिवस. मी लवंग चघळली, रुमाल बांधला, बापाचा चिमटा फोडला. एकाही संध्याकाळी मुलीला मैदानावर उभं करून, आवाज ऐकून कसं सुटायचं हे शिकवलं नाही. मी खेळाचा मास्तर आहे, पिस्तुलाचा कारागीर नाही, हे अख्ख्या आठवड्यात मला एकदाही सुचलं नव्हतं.

"आता बघायचं नाही. आवाज ऐक आणि पळ."

"आवाज आला म्हंजे उशीर झाला, सर," ती म्हणाली आणि पाठ फिरवून गेली.

अंतिम फेरीपर्यंत मी एका जागी उभा राहिलो नाही. तीनदा टिकली काढून परत लावली. प्रशिक्षकांनी खुर्ची शेवटच्या रेघेजवळ नेली. आठ मुली वाकल्या. या वेळी ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. तिची नजर त्याच्याही वर, माझ्या उचललेल्या हातावर होती. मला वाटलं, रागावली आहे.

"सेट."

बोट टेकलं. घोडा पडला. टिक्.

बार नाही.

सात मुली डुलल्या आणि जागेवर राहिल्या. आठवी गेली होती. मैदानावर एकटी मुलगी पळत होती, आणि तिच्या अनवाणी पायांच्या थपथपीशिवाय कसलाच आवाज नव्हता. "थांब! थांब गो!" मी ओरडलो. ती थांबली नाही. शेवटची रेघ ओलांडली, हात वर केले, मागे वळली आणि बघते तर कुणीच नाही.

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"पहिल्याच चुकीला बाद, हे सकाळी तुम्हीच सांगितलंत. बाद करा."

"मॅडम, बार झालाच नाही. दव फार आहे, टिकली..."

"टिकलीचं नंतर. तुम्ही चाप ओढलाच नव्हता. मी नीट बघत होते. खांदा हलला नाही, तोंड हललं नाही. हे बघा." फोनवर माझा चेहरा. देवळातली मूर्ती. "तुम्ही ओढायच्या आधीच पोरगी सुटली."

तेव्हा मला कळलं मी काय करून ठेवलंय. आयुष्यभर माझ्या तोंडाने मला दगा दिला होता. आज ते पहिल्यांदा नीट वागलं, आणि तेच तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं. जीभ बाहेर आली असती तर कुणालाही दिसलं असतं की मी चाप ओढला. प्रशिक्षक उठून आमच्याकडे येत होते. पलीकडून ती मुलगी येत होती, हळूहळू, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. मी गप्प राहिलो असतो तर पिस्तुलाकडे कुणी बघितलंही नसतं. पोरगी आधी पळाली, संपलं. दोन मिनिटं मी गप्प राहिलोही, हे इथे लिहायला हवं. दोन मिनिटं म्हणजे फार नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी चुकले काय?"

"नाही," मी म्हणालो. "चाप मी ओढला होता. सगळ्यांनी इकडे बघा."

मी हात वर केला, टिकली तीच, चेहरा तसाच, आणि बोट टेकवलं. टिक्. पुन्हा टेकवलं. टिक्. "बघितलंत? जोरच लागत नाही. मी आतली..." तिसऱ्यांदा बोट लागलं आणि बार झाला. प्रशिक्षकांची टोपी पडली.

"मी आतली स्प्रिंग बदलली आहे," मी वाक्य पुरं केलं.

टोपी झटकत प्रशिक्षक पहिल्यांदा बोलले. "कुठली घातलीत?"

खोटं बोलायला वेळ मिळाला नाही. "वडिलांच्या चिमट्यातली. ते एसटीत कंडक्टर होते. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा."

ते हसू मला अजून ऐकू येतं. मागून कुठल्याशा शाळेचे सर ओरडले, "दोन बेल द्या की सर, गाडी आपोआप सुटेल!" मॅडमना इतकं हसू आलं की त्यांना फोन पिशवीत ठेवावा लागला.

एकटे प्रशिक्षक हसले नव्हते. ते मुलीकडे वळले. "आवाज नव्हता. मग कशावर पळालीस?"

"घोडा पडला," ती म्हणाली.

"तुला तिथून दिसला?"

"हो. आवाज मागनं येतो."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, पिस्तुलाकडे बघितलं. "शर्यत परत घ्या. हिला पंधरा मिनिटं बसू द्या. आणि ते खेळणं आत ठेवा."

मॅडमनी त्यांच्या शाळेच्या दोन लाकडी फळ्या आणल्या, एकमेकींवर आपटून आवाज करायच्या. "सर, तुम्ही तिकडे उभे राहा. लांब. अजून लांब." मग मुलीजवळ जाऊन बसल्या आणि फळ्या उघडून मिटून दाखवल्या. "बघ गं, या उघडतात, मग मिटतात. सगळ्यांना सारखंच दिसतं. आता डोळे पूस आणि पाणी पी. थोडंच पी."

ती पंधरा मिनिटं मी मैदानाच्या कडेने फिरत होतो. तिच्या पायात एक शर्यत जास्तीची होती, आणि ती मी घातली होती. फळ्या वाजल्या. ती चांगली सुटली, सत्तर मीटरपर्यंत पुढे होती, मग मुरबाडच्या उंच मुलीने तिला गाठलं आणि छातीभर मागे टाकलं. दुसरी आली. प्रशिक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि कुणाला काही न सांगता ते निघून गेले.

घरी येऊन मी वडिलांसमोर बसलो आणि त्यांच्यादेखत चिमट्यात स्प्रिंग परत बसवली.

"मला ठावं होतं," ते म्हणाले. "घरात दुसरा चोर कोन हाय?" दोनदा वाजवून बघितला. "पोरगी पळाली का?"

"पळाली. एकदा एकटीच."

"म्हंजे बेल नाय देता गाडी सुटली." आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

निवड चाचणीचं पत्र येईल की नाही ठाऊक नव्हतं. पाडा भट्टीवर गेला होता. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो, मग पोरीला न्यायला येतो, असं बाप सांगून गेला होता. मला घरात बसवेना. रोज संध्याकाळी मी तिला मैदानावर घेऊन जाऊ लागलो. ती रेघेवर वाकायची, समोर डोंगर, आणि तिच्या मागे दहा पावलांवर वडील खुर्चीत, चिमटा घेऊन. मागे बघायचं नाही. टिक् आला की सुटायचं. चिमट्याचा आवाज एवढासा, आणि वारा असला की तेवढाही नाही. पहिल्या दिवशी ती तीनदा मागे वळली. वडील ओरडले, "गो, मागं काय बघते? ड्रायव्हर मागं बघतो काय?" चौथ्या दिवशी ती वळायची थांबली. वडिलांना गाड्यांचा विसर पडला. फाट्यावरच्या गाड्या त्यांच्या परवानगीशिवाय जाऊ लागल्या.

त्यातच एक दिवस बायको सूप घेऊन माझ्यासमोर आली. "तांदळात खडे सापडतात, ते समजू शकते. हे काय?" जुनी स्प्रिंग. त्या रविवारी डब्याचं झाकण उघडं होतं म्हणे. मी ती पिस्तुलात घातली, स्क्रू आवळले, आणि आधीच्या सरांचं वाक्य पहिल्यांदा नीट ऐकलं.

महिना संपायला आठवडा होता तेव्हा पत्र आलं. दोघींना बोलावलं होतं, मुरबाडच्या उंच मुलीला आणि आमच्या मुलीला. बाप भट्टीवरून सुट्टी काढून तिला घेऊन गेला. मला वर्ग सोडून जाता आलं नाही, आणि गेलो नाही हेच बरं. तिसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"सर, हितले सर मागं उबे ऱ्हातात. कायच दिसत नाय."

"मग?"

"मंग काय. आयकलं नि पळाले."

"उशीर झाला?"

"जरासा. म्होरं भरून काडला."

"मग घेतलं का गो?"

फोन बापाच्या हातात गेला होता. "घेतली म्हनतात," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "मास्तर, तिची पेटी तुमच्या शाळंत हाय. ती कवा न्यायला येऊ?"

पेटी मीच नेऊन दिली.

बार काढायला मला अजून बोलावतात. चाप तेवढाच जड आहे, आणि मी तो जड राहू दिला आहे. आता मी मुलांच्या मागे उभा राहतो. शाळेतल्या मुलांनी सुरुवातीला कुरकुर केली, मग कान वापरायला लागली. मॅडम आल्या की एकदा मागे येऊन खात्री करून जातात. "सेट" म्हटलं की खांदा वर चढतो, डोळा मिटतो, आणि जीभ आरामात बाहेर येते. तिकडे बघायला कुणी नसतं.